अक्का, वाळू काढली

अक्का, वाळू काढली. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील. नाहीतर मधेच "ते राहू दे, आधी वाळूचं सांग" म्हणून अडवशील. काढली. कोपऱ्यातली ब्रशने काढली, पेटी ओल्या फडक्याने पुसली, तुझ्याच टिश्यू रोलमधला कागद अंथरला. शेवंती बरी आहे. मी बरा आहे की नाही ते मला सांगता येत नाही.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. लोक भेटायला येतात, सोफ्याच्या कडेला बसतात आणि तुझ्याबद्दल असं काही बोलतात की मी फोटोकडे बघतो, ही कोण बाई म्हणून. "किती शांत होत्या." तू? धारवाडच्या शाळेत तू गणित शिकवायला लागलीस की तुझा आवाज रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला ऐकू जायचा, हे तूच सांगायचीस. मी मान डोलावतो. सुधा चहा आणते. ती माणसं गेली की मी तुझ्या खोलीत जाऊन जमिनीवर बसतो आणि पेटीत डोकावतो. आत तुझी ती पाल माझ्याकडे बघत असते.

बरं, पाल नाही. गेको. लेपर्ड गेको. समोरच्या डॉक्टरांची मुलगी पुण्याला शिकायला निघाली आणि जाताना ही बोटाएवढी, पिवळी, तपकिरी पट्ट्यांची वस्तू तुझ्या हवाली करून गेली, कारण तिचे वडील तिला ठेवून घ्यायला तयार नव्हते. तुझ्या भावजयीने, सुधाने, तर हातच जोडले. तू मात्र पिवळी म्हणून तिचं नाव शेवंती ठेवलंस आणि चष्मा कपाळावर सरकवून पहिल्या दिवशी मला बोलावलंस, "मधू, बघ, पापण्या मिटते! आपल्या भिंतीवरच्यांना येतं का हे?" त्या मुलीने तिची सरकारी नोंदणीची कागदपत्रंसुद्धा दिली होती. देशपांडे नगरातलं आपलं घर अजून अप्पांच्या नावावर आहे, आणि पालीचे कागद मात्र चोख. यावर तू इतकी हसलीस की तुला खोकला आला. तो खोकलाच होता का, हे मी आता विचारतोय.

पेटी मी करून दिली, हे तू कबूल करशील. माझ्या फौंड्रीतच केली, गोकुळ रोडला, चांगली सहा मिलिमीटरची काच, पुढून सरकणारी. तोवर आपलं भांडण नव्हतं. भांडण लागलं ते पेटीत खाली काय अंथरायचं यावर, आणि ते तीन महिने चाललं.

आता हे मी तुला का सांगतोय, तुला सगळं माहीत आहे. पण मला परत नीट लावून बघायचंय, कारण माझं डोकं चालेनासं झालंय.

माझं म्हणणं सोपं होतं. वाळवंटातला जीव आहे, त्याला वाळू द्या. आणि वाळूतलं मला कळतं. सगळं आयुष्य लोखंड ओतायचे वाळूचे साचे भरण्यात गेलं, चिमटीत घेऊन नुसती चोळली तरी कुठल्या चाळणीतून आलीय ते सांगतो. तू पेटीत स्वयंपाकघरातला टिश्यू पसरलास तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, अक्का, हे दवाखान्यातल्या खाटेसारखं दिसतंय. तू म्हणालीस, "दवाखान्यासारखंच हवं. कागदावर सगळं दिसतं. किती खाल्लं, शी झाली का, कशी झाली. वाळूत सगळं लपतं."

झाली का! तो तर आपल्या घरातला नवा कार्यक्रमच झाला होता. रोज सकाळी तू कागद बदलायला बसायचीस आणि कागदावर काही सापडलं की तिथूनच ओरडायचीस, "झाली गं सुधा! झाली रे मधू!" मी चहा पीत असायचो. मी म्हणायचो, अक्का, निदान चहा होऊ दे. तू कधी ऐकलं नाहीस. रविवारी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवून वजन वहीत लिहायचीस, तारीख घालून, खाली रेघ मारून.

ती वही मी परवा वाचली. शेवंतीने किती किडे खाल्ले, कात कधी टाकली, शेपटी कितपत जाड झाली, सगळं आहे. तुला जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागत होतं, ते कुठेच नाही. सुधाने तुला दोनदा तिथे बसलेलं पाहिलं होतं. "चप्पल नीट करतेय" म्हणालीस. अक्का, मला तुझा राग येतो. कागदावर सगळं दिसायला पाहिजे म्हणणारी तू, आणि स्वतःचं काही म्हणजे काही दिसू दिलं नाहीस. राग येतो आणि लगेच लाज वाटते, कारण मी तरी कुठे विचारलं?

मग तो रविवार. मी डबाभर वाळू घेऊन आलो. साच्याची नव्हे हं, तिच्यात माती मिसळलेली असते, इतकं मला कळतं. कोरी, पांढरी, तीनदा धुतलेली, गच्चीवर वाळवलेली, बारीक चाळणीने चाळलेली, आणि किडामुंगी नको म्हणून सुधाच्या कढईत रव्यासारखी भाजलेली. सुधा त्या कढईवरून अजून माझ्याशी धड बोलत नाही. तू मूठभर घेतलीस, बोटांतून सोडलीस. "छान आहे," म्हणालीस. मला वाटलं, आली वाटेवर. मग म्हणालीस, "साच्यात घाल."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मला वाळू शिकवू नकोस.

"वाळू नाही शिकवत, पोट शिकवतेय. लहान आहे रे ती, तिचा नेम चुकतो. किड्यावर झडप घालते आणि किड्याबरोबर तोंडभर वाळू आत जाते. एवढंसं आतडं तिचं. बसली गच्च तर काय करशील?"

"मग वाळवंटात कशा जगतात?"

"वाळवंटातली नाहीच ती, खडकाळ माळावरची आहे. आणि तिथे तिला कुणी अशी भाजून, चाळून देत नाही. मोठी झाली की शहाबादीचा तुकडा घालू खाली. तोवर कागद."

"तुझं आपलं सगळं ठरलेलं. दुसऱ्याचं कधी ऐकलंयस?"

तेव्हा तू पेटीची काच सरकवून बंद केलीस आणि म्हणालीस, "मी असेपर्यंत कागदच राहील. मी गेल्यावर काय घालायची ती घाल."

आणि मी काय म्हणालो? "घालीनच."

सोमवारी आपण बोललो नाही असं नाही. नळाला पाणी आज येणार की उद्या, एवढं बोललो. मंगळवारी सकाळी तू चहाचं आधण ठेवलंस, स्टुलावर टेकलीस, आणि सुधाने हाक मारली तेव्हा तू नव्हतीस.

त्या "घालीनच"वर मी अडकून बसलोय. माणसं शेवटचं काय बोलतात? पाणी मागतात, देवाचं नाव घेतात. आपलं शेवटचं भांडण पालीच्या अंथरुणावरून, आणि त्यात तू मला रजा दिलीस की शाप दिलास तेच मला कळेना.

पाचव्या दिवशी पेटीतला कागद खराब झाला होता. भेटायला येणारे सगळे एकच म्हणत होते, "त्यांची काही इच्छा राहिली असेल तर पुरी करा." मी तुझ्या खोलीत गेलो. तुझ्या फोटोसाठी टेबल रिकामं केलं होतं म्हणून पेटी जमिनीवर ठेवलेली, आणि शेजारी तो वाळूचा डबा, रविवारी ठेवला होता तिथेच. मी म्हटलं, ती तोंडाने म्हणाली आहे, मी गेल्यावर घाल. म्हणजे झाली की इच्छा! आणि घातली. चांगली दोन बोटं जाड.

खरं सांगू? इच्छा वगैरे असेल, पण मला आतून बरं वाटलं. जिंकल्यासारखं. गेलेल्या बहिणीशी भांडणात जिंकलो. असा नग तुझा भाऊ.

पहिल्या दिवशी शेवंती इतकी खूश दिसली, इकडे उकर, तिकडे उकर, की "बघ, बघ" म्हणत मी तुला दाखवायला मागे वळलो. मागे तुझी खाट होती, गादी गुंडाळलेली.

मग तिने खाणं कमी केलं. आठव्या दिवशी किड्याकडे बघितलंसुद्धा नाही. शंकेची पाल चुकचुकते म्हणतात ना, ती माझ्या मनात चुकचुकली आणि समोरची पाल गप्प पडून राहिली. झाली का, हे कसं कळणार? वाळूत सगळं लपलेलं. मी चमच्याने सगळी वाळू उकरून बघितली, काही नाही. दहाव्या दिवशी तिला हातात उलटं धरलं तर पोटाच्या पातळ कातडीतून आत काळपट गोळा दिसला.

कलघटगीची मावशी तेराव्यापर्यंत राहायला आली होती. तिने पहिल्या दिवसापासून धोशा लावला होता, "सुतकाच्या घरात पाल पाळतात का रे कुणी? तेरावं झालं की ही बाहेर." सुतक फिटल्या फिटल्या अकराव्या दिवशी मी शेवंतीला डब्यात घालून धारवाडला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघालो, तर मावशी दारात उभी. "बहिणीचे दिवस चाललेत आणि हा पालीला दवाखान्यात नेतोय. अय्यो देवरे!" मी डबा छातीशी धरून तिच्या बाजूने बाहेर पडलो. मला रडू येत होतं, आणि ते कुणासाठी ते समजत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट बघितलं आणि पहिलाच प्रश्न, "उसुकु हाकीरेनरी?" वाळू घातली होती का, एवढंच. मी हो म्हटलं. वर म्हटलं, पण भाजलेली होती हो, चाळलेली होती. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेत तुझ्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. शब्द न् शब्द तुझाच बोलल्या. लहान आहे, नेम चुकतो, वाळू आत जाते, गच्च बसते. कागद घाला, मोठी झाल्यावर सपाट फरशी घाला, लाकडाचा भुसासुद्धा नको. सकाळ संध्याकाळ पोटापर्यंत येईल इतक्या कोमट पाण्यात बसवा, बोटाने पोट हलकेच चोळा. "दोन-तीन दिवसांत मोकळी झाली तर वाचेल. एवढ्याशा जिवावर शस्त्रक्रिया करायला माझा हात धजणार नाही."

परत येताना बसमध्ये डबा मांडीवर धरून मी तुला म्हणत होतो, अक्का, हिला घेऊन जाऊ नकोस. माझ्यावरचा राग हिच्यावर काढू नकोस. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

वाळू मी त्याच संध्याकाळी काढली. बाराव्या दिवशीही दोन वेळा तिला पाण्यात बसवलं, सुधाच्या कुंकवाच्या वाटीएवढ्या वाटीत. संध्याकाळचं चोळून झालं, तिला पेटीत सोडलं, तेवढ्यात मावशीची हाक, "मधू, पीठ आण रे, वेळ झाली." काच मी सरकवली, पण पुरती सरकवली नाही. दोन बोटं उघडी राहिली.

पिठाचं तुला माहीतच आहे, पण तू असताना आपण दुसऱ्यांसाठी करायचो. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी गेलेल्या माणसाच्या दिव्याशेजारी जमिनीवर तांदळाचं पीठ पसरायचं, वर बुट्टी, वेताची टोपली, पालथी घालायची, आणि सकाळी उचलून बघायचं कसलं पाऊल उमटलंय. ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेलं. अप्पांच्या वेळी काहीच उमटलं नव्हतं. मावशी म्हणाली मोक्ष, तू म्हणालीस पीठ जाड दळलं होतं. दिवा तुझ्या खोलीतच, खाटेच्या पायथ्याशी. बुट्टी तीच जुनी, काठाचा वेत तुटलेली.

सकाळी मावशीने बुट्टी उचलली. मी मागे उभा, सुधा माझ्या मागे.

"नोड! नोड!" मावशी ओरडली. "मधू, बघ की!"

पिठात पावलं होती. इतकी बारीक, पाच पाच बोटांची, एका बाजूने आत आलेली, मधे दिव्याच्या उबेला थोडी घोटाळलेली, आणि दुसऱ्या बाजूने बाहेर गेलेली. मधून शेपटीची एक नागमोडी रेघ. मावशीने हात जोडले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "पाल झाली रे आमची अक्का. पाल झाली."

मला वाटलं, आता ही छाती बडवून घेणार. कुठे माणसाचा जन्म आणि कुठे पाल. तर ती काय म्हणाली माहीत आहे? "पाल म्हणजे घरातच राहिली की रे. कुठं लांब गेली नाही."

मी पेटीकडे बघितलं. काच दोन बोटं उघडी. मावशीची पाठ होती तिकडे. मी हळूच खाली बसलो, तिला लपायला ठेवलेली करवंटी उचलली. शेवंती खाली बसलेली, जशी काही गेलीच नव्हती. चारही पायांच्या बोटांना पीठ.

आता मी काय करायला हवं होतं, तू सांग. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मावशी, काच उघडी राहिली होती, पाल फिरून आली, संपलं." तू सांगितलंच असतंस. मी रुमाल तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि शेवंतीचे पाय एकेक करून पुसले. मग काच लावली. का पुसले, ते मला त्या वेळी कळलं नाही. मावशी तिला बाहेर काढणार होती म्हणून? की मावशीचा चेहरा तसाच राहावा म्हणून? की मलाच वाटत होतं की, असेल बाबा, काय सांगावं? सगळी खोली मोकळी असताना ती सरळ तुझ्या दिव्याकडेच का गेली? उबेला गेली, मला कळतं. डोकं सांगतं उबेला गेली.

तेवढ्यात सुधा म्हणाली, "अहो, ते मधे काय आहे?"

पिठाच्या मधोमध, दिव्याच्या बाजूला, एक काळपट गोळी. मावशी वाकून बघायला लागली. मी तिच्या आधी हात घातला. गोळी कागदावर घेतली, काडीने फोडली, आणि आतलं चिमटीत घेऊन चोळलं. बारीक, गोल दाणा. माझीच वाळू, अक्का. माझ्याच चाळणीतली.

झाली होती.

मी तिथेच फतकल मारून बसलो आणि मोठ्याने रडलो. तू गेलीस त्या मंगळवारी मी रडलो नव्हतो, घाटावर नव्हतो, दहाव्याला नव्हतो. मावशीने माझं डोकं पोटाशी धरलं. "रड रे, रड. सुम्नीर, गप्प बस, म्हणणार नाही मी." तिला वाटलं मी बहिणीसाठी रडतोय. सुधाने माझ्या हातातला कागद बघितला आणि तिला वाटलं मी पालीसाठी रडतोय. दोघींनाही मी काही सांगितलं नाही, कारण मलाही सांगता आलं नसतं.

मावशी कलघटगीला परत गेली. जाताना पेटीसमोर दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, येते हं." आता रोज फोन करते आणि आधी माझी नाही, हिचीच चौकशी. "खाल्लं का तिनं? छलो ठेव रे तिला, नीट सांभाळ." मी हो म्हणतो. मी खोटं बोलतोय का, अक्का? काच उघडी होती हे फक्त मला माहीत आहे. आणि आता तुला.

शहाबादीचा तुकडा फौंड्रीत कापून ठेवलाय. कडा घासून गोल केल्या, हात फिरवला तर कुठे बोचत नाही. पण घातला नाही अजून. लहान आहे. तू म्हणाली होतीस ना, मोठी झाली की. भिंतीला टेकवून ठेवलाय. उरलेली वाळू फौंड्रीत परत नेली आणि साच्यात घातली, तू सांगितलं होतंस तशी.

एक गोष्ट तुला तोंडावर कधी म्हणालो नाही. गणितात नाही, अप्पांच्या औषधांच्या वेळी नाही, मी शाळा सोडून फौंड्रीत जायला निघालो तेव्हा तू आडवी आलीस तेव्हाही नाही. तू बरोबर होतीस. हे एवढं म्हणायला मला इतकी वर्षं लागली, आणि तू ऐकायला नाहीस. असलीस तरी म्हणाली असतीस, "आधी काच लाव."

आज सकाळी कागद बदलायला बसलो. तुझ्या रोलचे शेवटचे दोन-तीन कागद राहिलेत. कागदावर होती. व्यवस्थित, जशी तू वहीत लिहायचीस तशी. वाळूचा कणसुद्धा नाही. आणि मी स्वयंपाकघराकडे तोंड करून, आपल्या रोजच्या वेळेला, जोरात ओरडलो, "अक्का, झाली गं!"

आत भांड्यांचा आवाज थांबला. सुधा पदराला हात पुसत दारात आली. चहाचं आधण मागे उकळत होतं. मग ती आत गेली, तुझ्या स्टुलावर टेकली, आणि तिथूनच म्हणाली, "ऐकू आलं हो."